हिस्टरी घ्यायची राहिली

मुलीकडे कॅलिफोर्नियात गेलो की शनिवारी सकाळी ‘गॅरेज सेल’ हिंडणे हा माझा ठरलेला उद्योग. गॅरेजचे दार उघडून घरातील नको असलेल्या वस्तू टेबलांवर मांडायच्या आणि मातीमोलाने विकायच्या, अशी ही तिकडची रीत. तेथे मी ‘टिकी’ शोधतो. टिकी म्हणजे डोळे वटारलेल्या, दात विचकलेल्या मुखवट्याच्या घाटाचे चिनी मातीचे जुने मग. “दुसऱ्याच्या अडगळीत काय मिळतं, बाबा?” असे मुलगी विचारते. जावईबापूंचा प्रश्न अधिक अवघड असतो : “आपल्या देवाचा कोणी पेला केला तर चालेल का?”

माओरी परंपरेत टिकी हा पहिला पुरुष. पॉलिनेशियातील कोरीव मानवाकृतींनाही हेच नाव आहे. १८१९ मध्ये हवाईतील जुनी धर्मव्यवस्था मोडली, तेव्हा अनेक मूर्ती नष्ट करण्यात आल्या. रुरुतू बेटावरील ‘आआ’ ही मूर्ती १८२१ मध्ये मिशनऱ्यांच्या हाती आली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुढे १९३० च्या दशकात हॉलिवुडमध्ये डॉन बीच आणि ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉन यांनी बांबू, रम आणि लिंबाचा रस यांच्या बळावर दक्षिण सागराची स्वप्नसृष्टी उभारली. महायुद्धानंतर प्रशांत महासागरातून परतलेल्या सैनिकांच्या पिढीने ती उचलून धरली. यातले पुष्कळसे मग जपानमध्ये घडवलेले आहेत. मूर्ती एकाच्या, कारागिरी दुसऱ्याची आणि नफा तिसऱ्याचा!

जावईबापूंचा आक्षेप म्हणूनच मला मान्य आहे. तरीही हे मग टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. ते पॉलिनेशियाचे नव्हेत, तर अमेरिकेच्या एका पिढीच्या स्वप्नाचे अवशेष आहेत, आणि तेवढ्याच नात्याने ते जपावेत. बेटांवरची खरी कोरीव मूर्ती मात्र, ती कोठून व कशी आली हे कळल्याशिवाय घेऊ नये. वैद्यकीय सल्लाही देऊन ठेवतो : जुन्या मगात सरबत पिऊ नये. जुन्या झिलईत शिसे असू शकते आणि आंबट पेयात ते अधिक उतरते.

एकदा एका वृद्ध बाईंकडे असा मग दिसला. किंमत दोन डॉलर. तो याहून मोलाचा आहे, हे मी त्यांना सांगितले; पण त्यांनी दोनच घेतले. मग सवयीने विचारले, “हा आपल्याकडे कसा आला?” त्या खुर्चीत बसल्या आणि सांगू लागल्या. नौदलातून परतलेल्या पतीबरोबर बाहेर घेतलेले पहिले जेवण, तेथून आणलेला हा मग आणि नंतर आयुष्यभर त्यांच्या टेबलावर त्यात राहिलेल्या पेन्सिली. “मुलांनी कधी विचारलंच नाही,” असे त्या शेवटी म्हणाल्या. ती हकीकत मी चिठ्ठीवर लिहिली आणि मगात ठेवली.

बडोद्याला परतताना विमानात मला वडिलांचा दवाखाना आठवत राहिला. तो आवरला तेव्हा पुड्यांची औषधे तोलण्याचा पितळी तराजू, खल-बत्ता, मिक्श्चरच्या बाटल्या, सारे मी मोडीत घातले. पितळेचा भाव करताना मी घासाघीस केली होती. पण तो तराजू वडिलांनी कोठून आणला, पहिल्या कमाईचा की कर्जाचा, हे मला ठाऊक नाही. परक्या बाईंना विचारलेला प्रश्न मी माझ्या वडिलांना कधी विचारला नव्हता.

आपल्यापैकी अनेकांची मुले दूर आहेत आणि जुनी घरे एकेक करून बंद होत आहेत. सर्व वस्तू जपणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. पण मोडीत देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांजवळ अर्धा तास बसावे आणि एकेक वस्तू त्यांच्या हाती देऊन विचारावे. हिस्टरी घेतल्याशिवाय आपण रुग्णाला हात लावत नाही. वस्तूंच्या बाबतीत हा नियम मी पाळला नाही. आपण पाळावा, एवढीच विनंती.