आधी कागदावर खणा

कोकणात मे महिना लागला की वाडीवाडीतून जेसीबीची घरघर ऐकू येते. गणपतीच्या आत घर उभे करायचे असते, चाकरमान्याची रजा संपत आलेली असते आणि गवंडी विचारतो, "टाकी कुठे काढू?" मालक परसाकडे बोट दाखवतो, "तिथे मोकळे आहे बघ." तासाभरात खड्डा तयार. भिंतीच्या रंगावरून आठ दिवस वाद घालणारी आपण माणसे, सेप्टिक टाकीची जागा मात्र एका बोटावर ठरवतो.

माझी विनंती एवढीच आहे: हा खड्डा आधी कागदावर खणा, तो कागद मंजूर करून घ्या आणि मगच जेसीबीला बोलवा.

"संडासाच्या टाकीला कसली परवानगी?" असे पुष्कळ जण विचारतात. महाराष्ट्रात टाकीचा वेगळा परवाना सहसा नसतो, हे खरे. घराच्या बांधकाम परवानगीतच तो येतो, कारण मंजुरीला जाणाऱ्या नकाशावर टाकी आणि शोषखड्डा दाखवायचे असतात. २०२०च्या डिसेंबरात आलेल्या एकत्रिकृत नियमावलीने लहान भूखंडांवरच्या घरांची प्रक्रिया बरीच सोपी केली, पण नकाशा काही माफ केला नाही. अर्ज कुठे द्यायचा हे जागेवर ठरते. गावठाणात ग्रामपंचायत, शहरात नगरपंचायत किंवा नगरपरिषद. गावठाणाबाहेर त्या जमिनीवर घर बांधता येते का, इथपासूनच सुरुवात. म्हणून सातबारा किंवा मिळकत पत्रिका पिशवीत घालून आधी ग्रामपंचायतीत जा आणि एकच विचारा, "या जागेवरच्या घराला परवानगी कोण देतं?" गोव्यात घर बांधणाऱ्यांनी आरोग्य खात्याचा ना-हरकत दाखलाही लक्षात ठेवावा.

आता नकाशा. परवानाधारक अभियंत्याला "टाकी दाखवा कुठेतरी" असे सांगू नका. त्याला जागेवर आणा आणि टेप धरायला स्वतः उभे राहा. टाकीत मैला तळाशी बसतो, साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. ते पाणी दिसायला निवळ असले तरी रोगजंतू त्यात असतातच. म्हणूनच सेप्टिक टाकीचे भारतीय मानक, आयएस २४७०, सांगते की जमिनीत पाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठेक फूट, लांब असावी. स्थानिक नियमावलीत आकडा वेगळा असू शकतो. तो विचारून घ्या, आणि जमेल तिथे मोठा आकडा पाळा.

हे मी उलट्या क्रमाने शिकलो. आमच्या टाकीची जागा मीच बोटाने दाखवली होती. नकाशा झाला होता, मंजूरही झाला होता. शोषखड्डा मात्र त्यात दाखवला होता तिथे न काढता, जेसीबी पोहोचला तिथे काढला. दुसऱ्या श्रावणात कुंपणापलीकडच्या काकू म्हणाल्या, "पाण्याक वास येता रे." टेप लावली. शोषखड्ड्यापासून त्यांची विहीर नऊ मीटर. आमची विहीर नकाशावर होती. त्यांची नव्हती, कारण ती आमच्या हद्दीत नव्हती. जांभ्याच्या भेगांतून झिरपणारे पाणी हद्द बघून वाहत नाही. तेव्हा नकाशावर शेजाऱ्याची विहीर आणि बोअरही काढून घ्या, कोणी सांगो न सांगो.

अंतर बसत नसेल तर हातपाय गाळू नका. टाकी आणि शोषखड्डा एकमेकांना चिकटून असलेच पाहिजेत असे नाही. टाकी घराजवळ ठेवून पाइपाने पाणी दूरच्या, विहिरीच्या उताराकडच्या कोपऱ्यात नेता येते. कागदावर ही रेघ खोडून पुन्हा मारता येते. आम्हाला ती जमिनीत खोडावी लागली आणि शोषखड्ड्याचा खर्च दोनदा झाला.

जमीनही बघा. जांभ्यात पाणी भराभर निघून जाते. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत ते मुरतच नाही, खड्डा तुंबतो. खड्डा पावसाळ्यात पाण्याने भरतो का, हे आसपासच्या विहिरींची श्रावणातली पातळी सांगते.

"मोठीच काढा, म्हणजे जन्मभर उपसायला नको," हा सल्ला ऐकू नका. पाच माणसांच्या घराला मानकाप्रमाणे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली मीटरभर, एवढी टाकी पुरते. ती दोन-तीन वर्षांनी उपसायचीच असते. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिकजवळच्या सिन्नरने तर घरोघरच्या टाक्या ठरल्या पाळीने उपसण्याची पद्धत बसवली आहे. आणखी एक, बुड न घातलेला खड्डा म्हणजे टाकी नव्हे. तळ, भिंती, मधला आडोसा आणि गिलावा, सगळे हवे.

अर्ज दिलात की पोच घ्या; शिक्का आणि आवक क्रमांक बघूनच घरी या. टाकीवर स्लॅब पडण्याआधी अभियंत्याला दाखवा, फोटो काढून फायलीत ठेवा. काम नकाशाबरहुकूम झाले, तर भोगवटा दाखल्याच्या वेळी हात जोडत बसावे लागत नाही.

शेवटचे झाकणाचे. फरशी घालून ते बुजवू नका, आणि उपसणारी गाडी नळी टाकू शकेल अशा जागी ठेवा. टाकीतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरवणे हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तो कायदा "कोणतीही व्यक्ती" म्हणतो, त्यात घरमालकही आला. गाडी पोहोचेल अशी जागा नकाशावरच ठरली, तर "जरा आत उतरून बघ रे" म्हणायची वेळ येत नाही.

आमचा शोषखड्डा हलवला त्याला आता बरीच वर्षे झाली. काकूंच्या विहिरीचे पाणी तपासून घेतले, एकदा नव्हे, दोनदा. अहवाल चांगले आले. त्या आता पाणी भरतात. पण कळशी वर आली की आधी नाकाशी नेतात, मग कमरेवर घेतात.