पीडीएफ म्हणजे ई-पुस्तक नव्हे

प्रकाशक छपाईची पीडीएफ पाठवतात आणि म्हणतात, 'याचं ई-बुक करून द्या.' पानावर मराठी दिसतं. कॉपी केलं की हाती येतो इंग्रजी अक्षरांचा कचरा. कारण मजकूर जुन्या फॉन्टात आहे, जिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे! जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलटं. कन्व्हर्टर इथेच घसरतो. मग ३०० पानांचं प्रूफ पुन्हा वाचायचं कुणी? ते पैसे कुणाच्याच हिशेबात नसतात.

ईपब म्हणजे मुळात झिप केलेलं एचटीएमएल आणि सीएसएस, आमचं रोजचंच काम. ईपबचं मानक सांभाळणारी संस्था २०१७मध्ये वेबच्या डब्ल्यूथ्रीसीत विलीनही झाली. आपल्याकडे डेव्हलपरला बोलावणं येतं ते बाइंडरच्याही नंतर. लेखक मोबाइलवर युनिकोडात लिहितो, डीटीपीवाला ते जुन्या फॉन्टात नेतो, आम्ही परत युनिकोडात आणतो. या द्राविडी प्राणायामात अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला काय ऐकू येतं, हे एकदा प्रकाशकांनी कान देऊन ऐकावं. आम्हाला जुळणीआधी बोलवा. शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्या युनिकोडच्या फाइलीतच करा आणि छपाईची पीडीएफ तिच्यातून काढा.