वसंतराव देशपांडे : गाणारा नाट्यसंशोधक

बार्शीटाकळीसारख्या गावातून पदव्युत्तर अभ्यासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती संगीत नाटक येते ते छापील संहितेच्या रूपाने. पदांचा अन्वयार्थ लावला जातो. चाल मात्र अभ्यासाबाहेर राहते. वस्तुतः याच अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे १९२० साली जन्मलेल्या डॉ. वसंतराव देशपांडे यांनी ही उणीव भरून काढण्याचा मार्ग दाखविला आहे.

पद हे स्वतंत्र काव्य म्हणूनच लिहिले गेले, असे गृहीत धरणे ही मूळ चूक होय. ‘मानापमान’ (१९११) मध्ये गोविंदराव टेंबे यांच्या, तर ‘स्वयंवर’ (१९१६) मध्ये भास्करबुवा बखले यांच्या चालींवर खाडिलकरांनी शब्द बसविले. निव्वळ काव्यगुणांच्या निकषावर अशी पदे कृत्रिम ठरतात. चालीसह ऐकली असता शब्दांची ओढाताण कशामुळे झाली, याचा उलगडा होतो.

नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने व अमान अली खाँ अशा भिन्न परंपरांतून वसंतरावांची जडणघडण झाली. मास्टर दीनानाथांच्या गायकीचा ठसाही उमटला. लष्करी हिशेब खात्यातील नोकरी सांभाळून त्यांनी ही विद्या जोपासली. एका घराण्याशी बांधून न घेतल्याबद्दल त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. परंतु या बहुश्रुततेमुळेच ते नाट्यसंगीताचे बदलते वळण स्वतः गाऊन उलगडू शकले. नाट्यसंगीतावरील संशोधनासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधील त्यांचे खाँसाहेब म्हणजे याच अभ्यासाचे प्रयोगरूप. दोन गायकींचा संघर्ष संहिता केवळ सूचित करते. तो सिद्ध होतो गळ्यातून.

गायन हा संगीत विभागाचा विषय आहे, असा आक्षेप येथे संभवतो. स्वरांचे तांत्रिक विश्लेषण मराठीच्या अभ्यासकाकडून अपेक्षित नाही, हे मान्यच. तथापि चालीने शब्दावर काय संस्कार केला, हा भाषेचाच प्रश्न आहे. तेव्हा संगीत नाटकावरील प्रबंधात ध्वनिमुद्रणाला संहितेच्या बरोबरीने पुराव्याचे स्थान मिळावयास हवे.

अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ मधील. वसंतरावांचे निधनही त्याच वर्षी, ३० जुलै रोजी झाले. वऱ्हाडच्या या सुपुत्राचा गौरव व्यासपीठांवरून पुष्कळ झाला. त्याची अभ्यासपद्धती वर्गात आणणे अद्याप शिल्लक आहे.