तापट पेटीची झाडलोट

दिवाळीच्या झाडलोटीतून आमच्या खानदेशातल्या घरांतली एकही वस्तू सुटत नाही. माळ्यावरची पितळी पातेली खाली येतात, डब्यांखालचे कागद बदलतात, आणि घरातला एखादा उंच मुलगा स्टुलावर चढून छताच्या पंख्याची पाती पुसतो व खाली धूळ पाडल्याबद्दल सर्वांची बोलणी खातो. मात्र घरात आणखी एक पंखा असतो. तो रोज फिरतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तो असतो लॅपटॉपच्या पोटात. विकत आणल्या दिवसापासून त्याची पाती एकदाही पुसलेली नसतात. मग सहाव्या-सातव्या वर्षी ती पेटी शेगडीसारखी तापते, चित्र अडखळते, मध्येच पडदा काळा होतो. आणि घरातली तरुण मंडळी निदान करून मोकळी होतात, की ग्राफिक्स कार्ड जुने झाले, नवे टाकले पाहिजे!

गेल्या मे महिन्यात हेच निदान धुळ्याला माझ्या बहिणीच्या घरी झाले होते. भाचा आर्किटेक्चर शिकतो. घराचा नकाशा काढून तो पडद्यावर चारी बाजूंनी फिरवून दाखवायचा, भिंतीवर ऊन कसे पडेल तेही रंगवायचे, असले त्याचे काम. लॅपटॉप 2014 सालचा, थोरल्या भावाकडून वारसाहक्काने आलेला. एका दुरुस्तीच्या दुकानात साडेनऊ हजारांत नवे कार्ड 'टाकून देण्याचे' ठरले होते, आणि ताईने भिशीचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. मी जळगावहून एरंडोल-पारोळ्यावरून जाऊन पोचलो तो नेमका आदल्या संध्याकाळी.

"मामा, दोन जीबीचे काढून चार जीबीचे टाकतोय," भाचा उत्साहाने म्हणाला.

"काढून? कशातून काढून?"

ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते, आणि खरे सांगायचे तर तो प्रश्न दुकानात कोणीच विचारत नाही. टेबलावरच्या मोठ्या कंप्यूटरात ग्राफिक्स कार्ड ही वेगळी पाटी असते. खाचेतून उपसावी, दुसरी बसवावी. लॅपटॉपमध्ये 'कार्ड' हे नुसते बोलायचे नाव. तिथे असते एक चिप, आणि ती मुख्य पाटीवर शेकडो सूक्ष्म टाक्यांनी कायमची डाखलेली असते. एमएक्सएम नावाची बदलता येणारी छोटी पाटी 2004 मध्ये निघाली खरी; पण ती बसली काही जाडजूड, महागड्या यंत्रांतच, आणि तिथेही उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी व बायोस यांचे नव्या पाटीशी जमावे लागते. आपल्या घरांतल्या साध्या लॅपटॉपमध्ये चार जीबीचे कार्ड टाकणे म्हणजे विहिरीला दुसरा तळ बसवण्यापैकी आहे.

तेव्हा दुकानाचा बेत रहित झाला आणि आम्ही जेवणानंतर पेटी उघडली. प्रथम बॅटरीची तार सोडवली. हे आधी, बाकीचे सारे मागाहून. पंखा उचलला, तर त्याच्या व तांब्याच्या बारीक पत्र्यांच्या मध्ये राखी रंगाचा एक पट्टा, गादीवाल्याने पिंजून ठेवल्यासारखा! कापसाचा मुलूख आमचा, हवेत तंतू असायचेच. बाहेरून कितीही फुंकर मारली तरी हा पट्टा हलत नाही, तो चिमट्याने अखंड निघाला तेव्हा ताईने तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, ह्याच्यापायी साडेनऊ हजार?"

चिप आणि तांबे यांच्यामधली उष्णतावाहक पेस्टही वाळून खडू झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, चिपचा सारा चेहरा झाकेल इतपतच नवी लावली. आजूबाजूच्या मेमरीच्या चिपांवर मऊ पट्ट्या असतात. त्यांच्याजागी पेस्ट फासू नये. तिथली फट पट्टीच्या जाडीनेच भरते. पेस्ट तिथे पोचत नाही, आणि मेमरी बिचारी उघडी पडून तापते. तांब्याच्या पट्टीवर स्क्रूजवळ 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने ते आवळावे. सारे जोडून झाल्यावर तोच नकाशा पुन्हा फिरवला. आधी 93 अंशांना टेकणारी चिप 78 वर थांबली आणि चित्राचे अडखळणे गेले. खर्च पेस्टचा, काही शे रुपये.

हे असे का होते? चिप फार तापली, साधारण नव्वदीच्या आसपास गेली, की जीव वाचवण्यासाठी आपणहून हळू चालते. म्हणजे जुने कार्ड 'दमलेले' नसते, ते दबलेले असते. त्यात आपला प्रांत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44 वर गेला तर ती बातमीही होत नाही. पंखा खोलीतलीच हवा आत ढकलतो. त्या हवेपेक्षा थंड तो कशालाच करू शकत नाही. चिपची मर्यादा 95 अंश धरा. 20 अंशांच्या खोलीत उष्णता बाहेर पडायला 75 अंशांचा उतार मिळतो, 44 अंशांच्या खोलीत 51 चा. उष्णता उताराप्रमाणे वाहते. म्हणजे पंखा तोच, तांबे तेच, पण आमच्या उन्हाळ्यात त्यांची कुवत जवळजवळ एक-तृतीयांश घटली. थंड देशांत तपासलेले यंत्र आमच्याकडे येऊन का कुरकुरते, ते ह्यात आले.

शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकाच तांब्याच्या नळीवर जगतात. धुळ्याकडच्या वाचकांना पांझरेवरची फड पद्धत सांगायला नको. पाट एक, शेते अनेक, आणि पाणी कोणाला किती हे पाटकऱ्याने पाहायचे. इथे पाटकरी नसतो. प्रोसेसर वरच्या अंगाला बसून सारा गारवा पिऊन टाकतो आणि ग्राफिक्स चिप कोरडी राहते. विंडोजच्या वीजविषयक मांडणीत प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली, की बहुतेक जुन्या लॅपटॉपांत प्रोसेसरची ती अधूनमधूनची उसळी बंद होते. वाचलेला गारवा ग्राफिक्सच्या वाट्याला येतो. एका टक्क्यात एवढे पदरात पडावे हे माझ्या मेव्हण्यांना अजून पटलेले नाही.

आता एक कडू गोष्ट. पडदा काळाच पडू लागला असेल तर काही दुकानांत 'चिप हीट करून देतो' म्हणतात. गरम हवेच्या झोताने चिप भाजली की यंत्र खरोखर सुरू होते, गिऱ्हाईक खूष होऊन पैसे देते, आणि बहुधा काही आठवड्यांत पुन्हा अंधार. 2008 च्या जुलैत एनव्हिडिया ह्या बड्या कंपनीने जाहीर केले होते, की तिच्या काही लॅपटॉप-चिपांच्या बांधणीतले साहित्य कच्चे निघाले, आणि त्यापायी तिने 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढले. तापणे-निवणे, तापणे-निवणे ह्या रोजच्या ओढाताणीत आतले टाके तडकत. असा तडा भाजून सांधत नाही, क्षणभर टेकतो. भरीत करायला बामणोदची वांगी आहेत. मदरबोर्डचे कशाला करावे?

मग जुन्या लॅपटॉपमध्ये वाढवण्याजोगे काहीच नाही का? आहे. ज्यांत वेगळी ग्राफिक्स चिप नसते, त्यांचे ग्राफिक्स मुख्य मेमरीतच पोटभाडेकरू म्हणून राहते. अशा यंत्रात मेमरीची एकच पट्टी असेल आणि दुसरी खाच रिकामी असेल, तर जोडीची पट्टी घालावी. दोन वाटांनी ये-जा सुरू होऊन चित्राचा वेग डोळ्यांना दिसेल इतका वाढतो. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली तर चित्राचा वेग वाढत नाही, पण घरातली चिडचिड निम्मी होते. थंडरबोल्टची खिडकी असेल, आणि ती 2015 नंतरच्या काही थोड्या यंत्रांत आहे, तर मोठे कार्ड बाहेरच्या डब्यात ठेवून जोडता येते; मात्र तो डबा, कार्ड आणि त्याची वीज यांचा हिशेब केला की नवा लॅपटॉप फार लांब उरत नाही.

आणि पलंगावर, गादीत रुतवून काम करू नये. हवा ओढायची भोके बुडाशी असतात. मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन बुचे ठेवली तरी श्वास मोकळा होतो. खाली ठेवायचे पंख्यांचे पाट बाजारात मिळतात. त्यांनी थोडा फरक पडतो, थोडाच. आमच्याकडचा खरा उपाय खिडकीत बसलेला आहे: वाळ्याचा किंवा गवताचा कूलर. कोरड्या उन्हाळ्यात तो खोलीची हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो, आणि खोलीचा उतरलेला अंश जवळपास तसाच चिपवरूनही उतरतो. फक्त झोत थेट यंत्रावर नको, तुषार उडतात. आणि समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होऊन कूलरच निकामी ठरतो. रात्रभर चालणारे रंगकाम भाचा आता पहाटे चारला लावतो. त्या वेळी धुळ्यात मे महिन्यातही जरा वारा असतो, आणि ताई पाणी भरायला उठलेलीच असते.