जातीचं तिकीट

एस.टी.त पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नाही. जात मात्र तान्ह्याचंही पुरं तिकीट फाडते!

1901 साली साताऱ्याहून शाळकरी भीमराव भाऊ-भाच्यांसोबत बापाला भेटायला निघाला. मसूर स्टेशनावर जात कळली नि एकही गाडीवान बसवून घेईना. दुप्पट भाडं मोजलं, तेव्हा गाडी मिळाली. तीही पोरांनीच हाकायची. रात्रभर प्यायला पाणी नाही.

परवा गावकुसाबाहेरच्या वस्तीवरनं दोन वर्षांची पोर खांद्यावर घेऊन आत्याकडं निघालो. वस्तीला रस्ता नाही. चिखल तुडवत फाटा गाठला. पोर तहानली. हॉटेलवाल्यानं आडनाव विचारलं नि पाणी वरनं ओंजळीत ओतलं.

1950 पासून घटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता गाडलीय म्हणे! पोरीला ओंजळ धरायला शिकवणार नाही. पेला हिसकावायला शिकवीन!