डिस्कच्या ऑपरेशननंतरची वेदनाशामक गोळी: बंदी कशावर आली, आणि तुम्ही काय पाहायचं?

रत्नागिरीतल्या अनेकांचं कमरेच्या डिस्कचं ऑपरेशन मुंबईत किंवा कोल्हापुरात होतं आणि टाके काढायला ते माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतात. काहींच्या डिस्चार्ज कार्डावर ‘टॅपेंटाडॉल’ असतं. मग प्रश्न येतो, “डॉक्टर, बंदी आली ती हीच गोळी का?”

नेमकं काय झालं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं, की मुंबईतील एका कंपनीची टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र असलेली गोळी घाना, नायजेरियासारख्या देशांत नशेसाठी विकली जात होती. त्यानंतर केंद्र आणि राज्याच्या औषध यंत्रणांनी कंपनीवर छापा घातला. या मिश्रणाचे उत्पादन आणि निर्यात परवाने मागे घेण्याचे आदेश निघाले.

टॅपेंटाडॉल हे अफूजन्य औषधांसारखं मेंदूवर काम करणारं वेदनाशामक आहे. कॅरिसोप्रोडॉल स्नायू सैल करतं. दोन्हींची सवय लागू शकते. भारतात ही औषधं वेगवेगळी मान्य आहेत, एकत्र गोळीला मान्यता नाही. त्यामुळे सर्जनने लिहिलेलं एकटं टॅपेंटाडॉल बेकायदा नाही.

खरा धोका घरात

बंदी कारखान्यातल्या मिश्रणावर आहे. पण तसंच मिश्रण घरीही होतं. दिलेल्या गोळ्या संपतात. फॉलो-अपला जायचं तर पुन्हा आंबा घाट किंवा मुंबई-गोवा महामार्गाचा प्रवास. मग घरचं कुणीतरी रिकामी पट्टी घेऊन मेडिकलमध्ये जातं. ‘पाठ आखडलीय’ म्हणून आणखी एक गोळी घेतली जाते. त्यावर झोपेची गोळी किंवा दारू झाली तर गुंगी वाढते आणि श्वास मंदावू शकतो. वयस्कर माणसांना आणि दम्याच्या किंवा श्वासाच्या रुग्णांना हा धोका जास्त.

म्हणून गोळीला घाबरून वेदना सोसायची का? नाही. फार दुखत असेल तर माणूस चालत नाही, आणि लवकर चालणं हाच बरं होण्याचा मोठा भाग आहे. पहिले काही दिवस ठरलेल्या वेळी औषध घ्या. पुढे बहुतेकांना पॅरासिटामॉलवर भागवता येतं. टॅपेंटाडॉलने बद्धकोष्ठता होऊ शकते, त्यामुळे पाणी आणि भाज्या वाढवा. काही आठवडे रोज घेतली असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून डोस उतरवा.

किती दुखणं अपेक्षित आहे?

पायात जाणारी कळ सहसा लवकर कमी होते. जखमेचं दुखणं दोन ते चार आठवडे राहू शकतं. मुंग्या आणि बधिरपणा जायला काही महिने लागतात, आणि या बधिरपणावर जास्त वेदनाशामक घेऊन उपयोग नसतो. सर्जनने वेगळं सांगितलं नसेल तर दिवसातून अनेकदा थोडं थोडं चाला, अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसू नका. साधारण सहा आठवडे वाकून कळशी, आंब्याची पेटी किंवा सिलिंडर उचलू नका.

लगेच रुग्णालयात जा:

- लघवी अडली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला
- मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला
- पायातली ताकद कमी झाली, पाऊल उचलत नाही
- ताप आला, जखमेतून पू किंवा पाणी येतंय
- एक पोटरी सुजली, छातीत दुखतंय किंवा दम लागतोय
- गोळीनंतर माणूस नीट जागा होत नाही

डिस्चार्ज घेताना तीन गोष्टी कार्डावर लिहून घ्या: ही गोळी किती दिवस घ्यायची, कशी कमी करायची, आणि मध्येच जास्त दुखलं तर फोन कुणाला करायचा. हे कार्ड आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे या. रिकामी पट्टी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका.