औषधाची चिठ्ठी कोणाच्या हाती?

मंगळवेढ्याहून सोलापूर पन्नासहून अधिक किलोमीटर दूर आहे. घरातील एखाद्याचे मन आजारले, की मनोविकारतज्ज्ञाकडे नेताना त्याच्याबरोबर आणखी एकाची मजुरी बुडते; गोळ्या संपल्या, की पुन्हा तोच प्रवास. निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहिल्याचे दिसले.

मग मानसशास्त्रज्ञांनाच औषधे लिहून देण्याचा अधिकार का देऊ नये? अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००२ साली व लुइझियानाने २००४ साली तो दिला. मात्र तेथे डॉक्टरेटनंतर औषधशास्त्राचे वेगळे शिक्षण सक्तीचे आहे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०६ आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरील औषध सुचविण्यास मनाई करते.

ही मनाई आम्हांस योग्य वाटते. लिथियमचेच पाहा. रक्तातील त्याचे प्रमाण थोडे वाढले तरी विषबाधा संभवते. मूत्रपिंड व थायरॉइड तपासत राहावे लागते. मे महिन्याच्या उन्हात राबणाऱ्या मजुराच्या अंगातील पाणी आटले, की नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण मुख्यतः चाचण्या व समुपदेशनाचे. शरीराचा हा हिशेब त्यात फारसा नसतो.

महाराष्ट्राला हा वाद अगदीच नवा नाही. एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधे देण्याची मुभा राज्याने २०१४ मध्ये दिली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्येही त्यावरून डॉक्टर संपावर गेले. खेड्यातील रुग्णाचे नाव मात्र दोन्ही बाजूंच्या तोंडी होते.

शिवाय अधिकार मिळाला म्हणून मानसशास्त्रज्ञ मंगळवेढ्यात येऊन राहील काय? तोही बहुधा पुण्या-मुंबईतच स्थिरावतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील एम.बी.बी.एस. डॉक्टरकडे चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार आहेच. त्याला हवे आहे ते मनोविकारांचे प्रशिक्षण आणि गोळ्यांचा नियमित पुरवठा. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामागील विचारही हाच होता. मानसशास्त्रज्ञाची तेथे नेमणूक जरूर व्हावी, पण ती ऐकून घेण्यासाठी. कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याशी किंवा दारू सोडू पाहणाऱ्या तरुणाशी तासभर बोलायला बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत डॉक्टरला सवड नसते.